पत्र्याची खोली कोणी बांधली

माझ्या नवऱ्यावर सूड उगवायला मी सुरुवात केली ती स्वयंपाकघरातल्या नळापासून. सूड हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. माझ्या मैत्रिणी म्हणतात, संसारात रुसवे-फुगवे असतात, त्याला कोणी सूड म्हणत नाही. त्यांच्याकडे रुसवे असतील. माझ्याकडे सूड होता, आणि तो मी पदर खोचून, घरातलं एकेक बारकं काम करत, सावकाश उगवला. त्याचा मला अजूनही पश्चात्ताप झालेला नाही.

कारण एक खिळा. लग्न करून मी भंडाऱ्याजवळच्या गावाहून भिलाईला आले, तेव्हा आम्हाला रुआबांध्यात क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अरुंद वरांडा आणि त्याच्यामागे भिंतीनं वेढलेलं अंगण. आल्या आल्या मी कॅलेंडर लावायला खिळा ठोकायला गेले आणि वीतभर प्लास्टर खाली आलं. कोणाच्याही हातून होईल असं. पण नवऱ्याला त्यात जन्मभर पुरेल एवढी गंमत सापडली. मिलमधला माणूस येवो की गावाकडचा, चहाचा कप हातात पडला की हे सुरू व्हायचे. "आमची बाई खिळा ठोकाले गेली न् भिंत पाडून बसली. हिले खिळा ठोकता येत नाही." लोक हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसले. पुढे माझं हसणं बंद झालं, त्यांचं सांगणं बंद झालं नाही.

स्वतः हे काही करत असते तर मी ऐकूनही घेतलं असतं. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये ते ऑपरेटर होते. "टनावारी लोखंड लाटतो मी तिकडं, घरी आल्यावर मले हातोडी दाखवू नको," असं म्हणायचे. नळ गळतो म्हटलं की मेन्टेनन्सवाले येतील. दार घासतं म्हटलं की पावसाळा सरला की आपोआप बसेल. आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात तर घरात श्वाससुद्धा हळू घ्यायचा. सकाळी येऊन जेवून ते झोपायचे आणि दुपार उलटेपर्यंत ताटाला वाटी लागता कामा नये. फर्स्ट शिफ्टला दुपारी झोप, सेकंडला सकाळी लोळणं. मिल चोवीस तास चालत होती आणि माझं घर चोवीस तास निजलेलं होतं.

त्या झोपेखाली माझं शिलाई मशीन दबलं. माहेरून आलेलं, पायानं चालवायचं. मी लग्नाआधी शिवणाचा क्लास पुरा केला होता आणि आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे, हे माझ्या मनात पक्कं होतं. पण मशीन चालवलं की आवाज, आणि आवाज झाला की ह्यांचा ओरडा. "बंद कर ते खडखड. ब्लाउज शिवून कोणता बंगला बांधून राहिली तू?" मशीनवर मी चादर टाकली आणि त्या चादरीवर घडीचे कपडे जमू लागले. मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. झोपेच्या खोलीपासून लांब, दार लावता येईल अशी, मशीनपुरती जागा.

तर नळ. हुडको वसाहतीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी वॉशर मागितला. दुकानदार म्हणाला, "भैया को भेज दो, साइज वही समझेंगे." मी पदराच्या गाठीतून जुना, चिरलेला वॉशर काढला आणि काउंटरवर ठेवला. त्याच मापाचा नवा आणि एक पाना घेऊन घरी आले. बाहेरचा कॉक बंद न करता नळ उघडला, म्हणून स्वयंपाकघरात तळं झालं आणि मी नखशिखान्त भिजले. दुसऱ्या वेळी कॉक आधी बंद केला. नळाचं गळणं थांबलं. संध्याकाळी हे आले, त्याच नळाखाली हातपाय धुतले, तोटी घट्ट बंद केली, टॉवेलला हात पुसले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. मी ठरवलं, ठीक आहे, असंच करू. ह्यांच्या नाकासमोर सगळं घर सुधारायचं आणि मग एक दिवस चार लोकांत, चहाचा कप हातात असताना, दाखवायचं की खिळा कोणाला ठोकता येतो.

एका वेळी एकच काम, हा नेम मी स्वतःला घातला होता, कारण दोन कामं काढली की घरात पसारा दिसेल आणि पसारा दिसला की प्रश्न येतील. नळानंतर दार. ते तळाशी घासत होतं. मी बिजागऱ्या सोडवून ते आडवं केलं आणि रंध्यानं तासलं. पहिल्यांदा जास्त तासलं गेलं, खालून मांजर यायला लागली, म्हणून पट्टी मारली. मग मोरीजवळची कडी. मग स्वयंपाकघरात पॅकिंगच्या लाकडाची फळी. खिळा ठोकायच्या आधी बारीक भोक पाडून घ्यायचं आणि स्क्रूला साबण लावायचा, म्हणजे लाकूड फाटत नाही, हे मी दोन फळ्या फाडून शिकले.

हातोडीचं मात्र शास्त्र वेगळं होतं. आमच्या ओळीत कोणाचा नवरा कोणत्या शिफ्टला, हे प्रत्येक बाईला पाठ असायचं. उजवीकडच्यांची नाइट असेल तर त्या आठवड्यात उजव्या भिंतीला हात लावायचा नाही. डावीकडचे सेकंडला असतील तर सकाळी डावी भिंत बंद. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं. एकाच्या घरची झोपमोड सगळ्या ओळीला माफ नव्हती. म्हणून हे ड्यूटीवर असताना, आणि त्यातही भिंतीप्रमाणे, मी कामाची आखणी करायची. समोरच्या क्वार्टरमध्ये राजनांदगावकडची एक बाई राहायची, ती पापड वाळवत माझ्याकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "बहिनी, तोर घरवाला ला पता हे का?" नवऱ्याला माहीत आहे का, असं विचारत होती. मी म्हटलं, त्यांना डोळे आहेत. ती खूप वेळ हसली.

घर आतून नीट झालं तेव्हा मी मागच्या अंगणाकडे वळले. खोली बांधते, असं मी कधी कोणाला म्हटलं नाही. आधी फक्त दोन बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, रोवल्या, कपड्यांची दोरी बांधायला. मग पश्चिमेचं ऊन वरांड्यात येतं म्हणून एका बाजूला बांबूचा तट्टा. मग कुत्रं शिरतं म्हणून दुसऱ्या बाजूला. मग आणखी दोन बल्ल्या, आडव्या पट्ट्या, आणि एकेक करून पत्रे. पत्र्यानं मला रडवलं. पहिल्या वेळी मी खिळे पन्हाळीच्या खोलगट भागात मारले, आणि पाऊस आला तेव्हा पाणी बरोबर त्याच खोलगटातून वाहत येऊन खिळ्याच्या भोकातून आत पडलं. खिळा उंचवट्यावर मारायचा असतो, खाली डांबरी वॉशर घालून. सगळे खिळे उपटले, भोकं डांबरानं बुजवली, परत ठोकले. त्यानंतर एक थेंब आत आला नाही. शेवटी भंगारातून आणलेलं जुनं दार बसवलं आणि मशीन आत नेलं. दार लावून पाय चालवला. हे आत झोपले होते आणि झोपूनच राहिले. त्या दुपारी मी किती तरी वर्षांनी मोकळ्या मनानं शिवलं. बॉबिन संपल्याचंही मला कळलं नाही.

आता फक्त ते चार लोक आणि तो चहाचा कप यायचा होता. दिवाळीत माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, गोंदियाहून आले. ते बँकेत होते. माणूस वाईट नव्हता, पण आमच्याकडे भासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही, ही रीत. फारच गरज पडली तर भिंतीकडे तोंड करून बोलायचं, "चहा ठेवला आहे म्हणावं." लग्नाला दहाएक वर्षं होऊनही मी त्या माणसाशी एक सरळ वाक्य बोललेली नव्हते. मी माझी मदार नवऱ्यावर ठेवली होती. खोली दिसेल, भासरे विचारतील, ह्यांना सांगावंच लागेल, असा माझा हिशेब.

भासरे मागे हात धुवायला गेले आणि थबकले. "अरे, हे कधी काढली खोली? कोणं बांधली?"

मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते.  नवऱ्यानं खोलीकडे पाहिलं. मला खात्री आहे, त्या क्षणी त्यांनी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. मग पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, "करत गेलो थोडं थोडं. सुट्टीच्या दिवशी. एका दिवसात कुठं होते असं काम."

"तुनं केलं? मले वाटे तुले उठून पाणी घ्याचा कंटाळा."

"आता मिलमध्ये काम करतो दादा, लोखंडाची सवय आहे हाताले." आणि एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण सवय कुठे जाते. "हिनं तर खिळा ठोकून भिंत पाडली होती, माहीत आहे ना तुमाले."

दोघं भाऊ हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात ट्रे, डोक्यावर पदर, आणि तोंडाला रीतीची पट्टी. मी तो चहा दिला. तो चहा मी त्यांच्या अंगावर का ओतला नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

भासरे गेल्यावर मी विचारलं, खोटं का बोललात. हे म्हणाले, "त्याच्यात काय झालं? घरातलं कोणीबी केलं तरी माझंच झालं ना." आणि कूस बदलली.

पुढच्या उन्हाळ्यात भासऱ्यांची बदली दुर्गच्या शाखेला झाली. कुटुंब गोंदियालाच ठेवणार होते. त्यांनी दुर्गात खोली बघण्याची गोष्ट काढली, तर हे म्हणाले, "खोली कावून पाहता? मी बांधलेली आहे ना मागं. तुमचीच समजा." मला विचारलं नाही. मला रात्री सांगितलं, जेवताना, लोणचं वाढायला सांगावं तसं. "मशीन उचलून घे तिथली. दादा राहाले येऊन राहिले."

म्हणजे माझी खोली जाणार होती. आणि ज्या माणसासमोर मला तोंड उघडायची परवानगी नव्हती तो माणूस त्या खोलीत राहणार होता, वर्ष, दोन वर्षं, कोण जाणे. सकाळपासून रात्रीपर्यंत डोक्यावर पदर घेऊन मी माझ्याच घरात भिंतीशी बोलत राहणार होते. मशीनवर परत चादर.

मी भांडले नाही. भांडून मला त्या घरात कधीच काही मिळालं नव्हतं. जे मिळालं ते हातोडीनं मिळालं होतं. मी दुसऱ्या दिवशी हातोडी, पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणि स्टूल घेऊन मागे गेले आणि खोली जशी बांधली तशीच, एका वेळी एकच काम करत, उतरवायला घेतली. आधी दाराची कडी. मग बिजागऱ्या. मग दार. मग एकेक पत्रा. उजवीकडच्यांची नाइट होती म्हणून उजव्या बाजूचे खिळे पुढच्या आठवड्यावर ठेवले. सूड असला तरी ओळीचा नियम ओळीचा. पत्रे सरळ करून भिंतीला टेकवले, खिळे आणि वॉशर एका डालड्याच्या डब्यात. बांधण्यापेक्षा हे काम सोपं गेलं आणि, खरं सांगते, हातांना त्यात जास्त गोडी वाटली.

बांधताना ज्यांना काही दिसलं नव्हतं त्यांना मोडताना पहिल्याच आठवड्यात दिसलं.

"हे दार कुठं गेलं?"

"निघालं."

"असं कसं निघालं?"

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हटलं. "तुम्हीच बसवलं होतं, तुम्हीच पाहा."

 समजलं त्यांना, चांगलंच समजलं. पण ओरडायचं कशावर? मी मोडली म्हणायचं तर मी बांधली हे कबूल करावं लागत होतं. आत जाऊन आडवे झाले. भासरे येईपर्यंत चार बल्ल्या आणि दोन तट्टे तेवढे उभे राहिले.

भासरे ट्रंक आणि वळकटी घेऊन आले आणि अंगणात उभे राहून वर आभाळाकडे पाहू लागले. "पत्रे कुठं आहेत?"

"काढले होते," हे म्हणाले. "जरा डागडुजी कराची होती."

"मग लाव आता. तूच लावले होते. मी स्टूल पकडतो."

त्यानंतरचा रविवार मी कधी विसरणार नाही. मी आत पोळ्या करत होते आणि खिडकीतून सगळं दिसत होतं. माझा नवरा स्टुलावर, हातात हातोडी, खाली मोठा भाऊ. पहिला खिळा वाकला. दुसरा हातातून निसटला. तिसरा अंगठ्यावर बसला. भासरे म्हणाले, "सवय सुटली का रे?" हे म्हणाले, "हाव, बरेच दिवस झाले ना." डालड्याच्या डब्यातले वॉशर त्यांनी बघितले, कशाला असतात ते कळलं नाही, बाजूला ठेवले. आणि मग त्यांनी खिळे मारले ते सगळे खोलगट भागात. एकेक खिळा आत जाताना मी बघत होते. खिडकीतून एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण भासऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती, आणि रीत मोडायची हौस मला त्या दिवशी मुळीच आली नाही. मी पोळी उलटली.

जुलैत पत्र्यानं आपलं काम केलं. पाणी भासऱ्यांच्या उशीवर पडायचं, त्यांनी खाट सरकवली की पायावर पडायचं. हे वर चढून पोती टाकायचे, वीट ठेवायचे. विटेनं पत्रा दबला आणि आणखी गळू लागला. बँकेत जाताना भासऱ्यांच्या शर्टाला ओलसर वास यायचा. मी त्यांना दोन्ही वेळचं गरम जेवण दिलं, पाणी तापवून दिलं, त्यात कसूर केली नाही. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच.

पण त्यांचं भावाशी झालं. एका सकाळी ओली गादी अंगणात टाकून ते भावाला म्हणाले, "एक गोष्ट सांग. दिवाळीत आलो तवा मी सोता पाहिलं, जमीन कोरडी ठणठणीत होती. तूच बांधली होती. ज्याले असं काम येते त्याच्या हातानं इतकं पाणी गळते? मले ठेवाचं नव्हतं तर तोंडानं सांगाचं होतं. असं गळवून कावून हाकलून राहिला?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मलाही तोवर हे सुचलं नव्हतं. माझा बेत एवढाच होता की ह्यांची फजिती व्हावी, अंगठा सुजावा, चार लोक हसावेत. भासरे त्याच्यापुढे गेले होते. त्यांच्या हिशेबात भाऊ अडाणी ठरत नव्हता, कपटी ठरत होता. कारण भाऊ कारागीर आहे हे त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

आणि बचाव किती सोपा होता. "दादा, ती मी नव्हती बांधली, हिनं बांधली होती. मले येत नाही." एवढं म्हटलं असतं तर भासरे हसले असते, चार दिवस टिंगल केली असती, आणि मी पदर खोचून एका दुपारीत छप्पर नीट केलं असतं. हो, केलं असतं. ते वाक्य ऐकायला मी खोलीसुद्धा दिली असती. मी दारात उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "तुमाले जे समजाचं ते समजा."

भासरे त्याच दिवशी ट्रंक घेऊन दुर्गला गेले. भावाभावांचं बोलणं तुटलं. पुढे आमच्या घरच्या लग्नाला ते आले नाहीत, त्यांच्या घरच्या लग्नाला आम्हाला बोलावणं आलं नाही. मी एकदाच विषय काढला. म्हटलं, अजून जा, खरं काय ते सांगा. हे म्हणाले, "दादासमोर सांगू, का माझ्या बायकोनं बांधली न् मले खिळा ठोकता येत नाही? त्याच्यापेक्षा भांडण बरं." सख्खा भाऊ गेलेला चालत होता. ते वाक्य तोंडातून जाणं चालत नव्हतं. तेव्हा मला कळलं की ते वाक्य किती मोलाचं आहे, आणि तेव्हापासून मला ते जास्तच हवंसं झालं.

खोली मी परत बांधली. ह्यांनी पाडलेली भोकं डांबरानं बुजवली, पत्रे नीट एकावर एक चढवले, आणि या वेळी खिळ्यांऐवजी जमेल तिथे स्क्रू वापरले, लांब, जाड, साबण लावून, शेवटच्या आट्यापर्यंत पिळलेले. उघड उघड बांधली, ह्यांची फर्स्ट शिफ्ट असो की नाइट. मशीन आत गेलं. ओळीतल्या बायका यायला लागल्या, मग शेजारच्या रिसाली वस्तीच्या, मग त्यांच्या मुली शिवण शिकायला. खिळ्याची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. पण खोली कोणी बांधली असं कोणी विचारलं की हे पेपर उघडून बसायचे. मी वाट बघत होते. सुडाला घाई नसते आणि मला शिलाईचं काम भरपूर होतं.

मग नव्वद सालाच्या पुढे केव्हा तरी टाउनशिप ऑफिसचे दोन कर्मचारी ओळीनं क्वार्टरं बघत आले. कोणी मागे काय काय वाढवलं आहे ते तपासत होते, बिनपरवानगीचं असेल ते काढायला सांगत होते. हे बनियनवर बाहेर आले. त्यांच्यातल्या एकानं खोलीकडे बोट दाखवलं. "ये किसने बनाया?"

"इसने," हे म्हणाले.

पापणी लवायच्या आत. माझ्याकडे बोट करून. "मुझे तो पता भी नहीं था साहब, मैं ड्यूटी पे रहता हूँ. सब इसी ने किया, अकेली ने."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी दातओठ खाल्ले ते असं आलं. भासऱ्यांसमोर आलं नाही, चहाच्या कपासोबत आलं नाही, गुन्हा माझ्या गळ्यात बांधायला आलं. राग यायला हवा होता, आलाही. पण त्याच्या आधी मी पुढे झाले आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. "हाँ, मैंने बनाया. अकेली ने." तो माणूस आत शिरला, वर पाहिलं, बल्ली हलवून बघितली, हलली नाही. "काम तो पक्का है," तो म्हणाला. "लेकिन निकालना पड़ेगा, बहनजी."

"निकल जाएगा," मी म्हटलं.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "काढून टाक मग या आठवड्यात."

"मी बांधली हे तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "आता मोडायची तुम्ही."

मशीन मी उचलून पुढच्या खोलीत आणलं, त्यांच्या खाटेला लागून. दुसरी जागा नव्हती आणि मी शोधलीही नाही. हे पेचकस घेऊन मागे गेले. माझे स्क्रू त्यांना दाद देईनात. पेचकस लहान घेतला, स्क्रूच्या खाचा चिरल्या. मोठा घेतला, निसटला आणि तळहाताला लागला. एक पत्रा ओढून काढायला गेले तर बल्ली वाकायला तयार नाही. समोरची बाई पापडाची परात घेऊन आमच्या मागच्या दारात येऊन बसली होती. आमच्या डावीकडचे, उजवीकडचे, सगळे भिंतीवरून बघत होते, कारण त्या आठवड्यात कोणाचीच नाइट नव्हती.

शेवटी ते आत आले. घामानं बनियन चिकटलेलं, हाताला फडकं गुंडाळलेलं. मशीनजवळ उभे राहिले. मी मान वर केली नाही.

"चाल ना जरा," ते म्हणाले. "मले नाही जमून राहिलं. तूच सांग कसं काढाचं."

"हा ब्लाउज झाला की येते," मी म्हटलं.

ते उंबऱ्यावर बसून राहिले. ब्लाउज खरं तर झालाच होता, फक्त धागा तोडायचा राहिला होता. मी तो उलटा केला, एका बाहीची शिवण उसवली आणि परत पहिल्यापासून शिवायला घेतली.